नवरीचं रडणं मला पाठ होतं

आमच्या तांड्यात लग्न ठरलं की नवरीला आधी रडायला शिकवत. ते खरोखरच शिकवावं लागायचं. सासरी निघताना मुलगी आईच्या, बापाच्या, भावाच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून गाते आणि गाता गाता रडते. आम्ही बंजारा लोक त्या गाण्याला ढावलो म्हणतो. बापाला म्हणायचा ढावलो वेगळा, वहिनीला वेगळा, दारातल्या गाईला वेगळा. ऐकणाऱ्याला चाल एकच वाटते, पण श्वास कुठे सोडायचा आणि हुंदका कुठे घ्यायचा ते प्रत्येकात निराळं असतं. तांड्यात सगळ्यात जास्त ढावलो माझ्या याडीला, म्हणजे आईला येत. त्यामुळे लग्नाआधी महिनाभर दुपारच्या वेळी नवरी आणि तिच्या बरोबरीच्या मुली आमच्याच घरी जमायच्या.

मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं होतं. मी कोपऱ्यात बसून सुपातली तूर निवडायचो आणि ऐकायचो. बहीण एका जागी सारखी अडखळायची. एक दिवस ती अडखळली आणि पुढचा तुकडा माझ्या तोंडून आपोआप निघाला, हुंदक्यासकट. मुली फिदीफिदी हसल्या. याडी हसली नाही. ती म्हणाली, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. तिनं मान हलवली आणि बहिणीला म्हणाली, "असं म्हणायचं."

घरी आम्ही गोरबोलीत बोलतो. इथे मी ते बोलणं वऱ्हाडीत लिहितो आहे, कारण बाहेर आल्यावर माझं निम्मं आयुष्य वऱ्हाडीतच गेलं.

पुढच्याच आठवड्यात मी हापशीवर पाणी भरताना तोच ढावलो मोठ्यानं गात होतो. बा मागून बैल घेऊन येत होता. तो थांबला. मारलं वगैरे नाही. एवढंच म्हणाला, "बाया रडतेत ते त्याईले घर सोडा लागते म्हणून. तुले कुठी जायचं आहे?"

मी भरलेली घागर उचलून चालू लागलो. पण तेव्हापासून माझ्या पायांना काहीतरी झालं. एका जागी बसलो की तळव्यांत मुंग्या यायच्या. शाळेत गुरुजी म्हणायचे, ह्याच्या बुडाखाली काय ठेवलंय.

आमच्याकडे दोन एकर बरड जमीन होती. तुरीपुरती आणि कपाशीच्या थोड्या बोंडांपुरती. दिवाळी झाली की आई-बा ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. लहान होतो तोवर मीही सोबत जायचो. पाचटाच्या कोपीत राहायचो, उसाच्या मोळ्यांवर झोपायचो, आणि घरी परतलो की शाळेतली मुलं दोन धडे पुढे गेलेली असायची. तिकडे फडात याडी मोळी बांधताना गायची. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या बाया, ज्यांना आमची भाषा कळत नव्हती, त्या कोयता थांबवून ऐकायच्या. एकदा एक म्हातारी येऊन याडीच्या पाठीवर हात ठेवून गेली. गाण्यानं असं होऊ शकतं हे मी तिथे पाहिलं. आम्हाला कोणी बसा म्हणत नव्हतं, पण याडी गायला लागली की लोक गप्प व्हायचे.

पाचवीपासून मला आश्रमशाळेत टाकलं. तिथे एक पेटी होती, प्रार्थनेपुरती कपाटातून निघायची. तीन पट्ट्या मुक्या होत्या. प्रार्थना वाजवणारे शिक्षक बदलून गेले तेव्हा मी म्हटलं, मी वाजवतो. येत नव्हतं, पण चार दिवसांत बोटं बसली. मग मी चोरून तिच्यावर ढावलो शोधायला लागलो. तो सापडेना. त्यातला एक सूर, बरोबर रडण्याच्या तोंडावरचा, पेटीवर नव्हताच. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. मी दोन्ही पट्ट्या एकदम दाबायचो, वैतागायचो, पेटी बंद करायचो, परत उघडायचो.

त्याच वर्षांत मला दुसरंही कळत होतं. वसतिगृहात मुलं पोरींबद्दल बोलायची आणि मी नवव्या वर्गातल्या एका कबड्डीवाल्याच्या खांद्यांकडे बघायचो. ते बघणं आणि ती अस्वस्थता एकच आहे हे समजायला वेळ लागला. मुलांना मात्र लवकर समजलं. ती मला बायल्या म्हणायची, आणि मी बायांची गाणी गातो म्हणून म्हणतात असं मी स्वतःला सांगायचो. त्याला काय म्हणतात तो शब्द मी सतरा वर्षांचा असताना आर्णीच्या बसस्टँडवर, मित्राच्या मोबाईलमध्ये वाचला. वाचून लगेच ते पान पुसलं आणि मोबाईल परत देताना ते पुसलं गेलं की नाही बघायला तो पुन्हा मागून घेतला.

बारावीनंतर शिकायची सोय नव्हती. आर्णीत एक बँड पार्टी होती, तिच्यात मी कॅसिओ वाजवायला लागलो. कॅसिओ म्हणजे कुठलाही कीबोर्ड, आमच्याकडे सगळ्यांना कॅसिओच म्हणतात. तिथे क्लॅरोनेट वाजवणारा एक जण होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, शेतकऱ्याच्या घरचा. घरी कपाशी, सोयाबीन, विहीर, सगळं होतं. बँडमध्ये तो केवळ हौसेनं आला होता. बाप त्याला वाजंत्री म्हणून शिव्या घालायचा आणि तो हसायचा.

एका दुपारी बाभुळगावला वरात निघायला उशीर होता. आम्ही गाडीच्या सावलीत बसलो होतो. मी नेहमीसारखा उभा राहायचो, चार पावलं जायचो, परत यायचो. ते करताना ढावलो गुणगुणत होतो. त्यानं विचारलं, "हे काय गाऊन राह्यला?"

"काही नाही. बायांचं आहे."

"म्हण ना पुन्हा."

मी म्हटलं. त्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि हळूच ओठ सैल करून तो मधला सूर काढला. पेटीच्या पट्ट्यांमधला. मी खाली बसलो. त्यानं विचारलं, बरोबर आहे का. मी म्हटलं, पुन्हा काढ. कोणीतरी माझ्या आत हात घालून तो सूर बाहेर काढून दाखवला, असं वाटलं.

त्यानंतर दोन सीझन आम्ही सगळीकडे त्याच्या मोटरसायकलवर गेलो. बाकीचे बँडच्या गाडीत, आम्ही दोघं मागून. बोरी अरबला एका लग्नात जेवणं चालू असताना आम्ही शाळेच्या रिकाम्या वर्गात वाद्यं ठेवायला गेलो होतो. त्यानं दार लोटलं. काय झालं ते इथे लिहीत नाही. इतकंच लिहितो की त्या दिवशी माझे पाय स्थिर होते.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तू लय विचार नको करू. हे असं असते काही दिवस. लग्न झालं की जाते."

"तुह्यं जाईन?"

"सगळ्याईचं जाते."

"माह्यं नाही जात," मी म्हटलं. "मले मालूम आहे."

त्यानं शर्टाची कॉलर नीट केली. मग म्हणाला, चाल, बँडमास्तर बोंबलत असन.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. त्यानं स्वतः सांगितलं, बसस्टँडजवळच्या हॉटेलात, समोर समोसा ठेवून. "तू कॅसिओवर राहशीन ना माह्या लग्नात?" मी हो म्हटलं. हळदीच्या सकाळी मी पिशवी भरली आणि यवतमाळच्या एसटीत बसलो. वणीच्या एका पोराला कॅसिओवर बसवून वरात निघाली, असं नंतर ऐकलं.

त्यानंतरची चार-पाच वर्षं मला नीट ओळीनं सांगता येत नाहीत. यवतमाळात फ्लेक्सच्या दुकानात होतो, मग एका मंगल कार्यालयात खुर्च्या लावायला, मग साउंड सर्व्हिसमध्ये. कुठेच टिकलो नाही. चांगलं चाललेलं असताना एक दिवस सकाळी उठायचो आणि वाटायचं, नको. मालक विचारायचे, काय कमी पडलं? कमी काहीच पडलेलं नसायचं. मोबाईलवरून एक-दोन जण भेटले. एक जण दारव्हा रोडवरच्या चहाच्या टपरीवर भेटला आणि पूर्ण वेळ हेल्मेट न काढता बोलला. त्याला दोन मुलं होती. दुसऱ्यानं पुण्याला ये म्हटलं, गेलो. सात महिने त्याच्या खोलीवर राहून लोकांच्या घरी जेवणाची पार्सलं पोचवली. तिथे मला कोणी बायल्या म्हटलं नाही, पण तिथे मी काही गायलोही नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, सिग्नलला तोंड बंद. एक दिवस लक्षात आलं की याडीचा गाईचा ढावलो मला अर्धाच आठवतोय. मी गाडी बाजूला लावून आठवत बसलो. जेवण थंड झालं, गिऱ्हाईकानं तक्रार केली. त्याच आठवड्यात मी परत आलो.

आलो तेव्हा याडीचा आवाज गेलेला होता. गळ्यात गाठ झाली होती. ती काढल्यावर जीव वाचला, पण आवाज कुजबुजीएवढा राहिला. मला फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. बा म्हणाला, "तू काय करणार होता येऊन?" खोटं नव्हतं ते.

कापूस वेचायचे दिवस होते. मी याडीसोबत दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायला लागलो. पुरुषाचा हात बायांएवढा चालत नाही, मी मागे पडायचो, ती माझी ओळ थोडी वेचून पुढे जायची. तिला मोठ्यानं बोलता येत नव्हतं म्हणून की काय, तिथेच मी तिला सांगितलं. तिच्याकडे न बघता, बोंडातला कापूस ओढत. म्हटलं, याडी, मी लग्न करणार नाही. मला बाईमाणूस नको. मला पुरुष आवडतो. लहानपणापासून असंच आहे.

ती वेचत राहिली. कमरेला बांधलेला ओटा भरला, गाठोड्यात रिकामा केला, परत आली. मग माझ्या कानाजवळ येऊन कुजबुजली, "हे मले मालूम होतं का नव्हतं, मले सांगता नाही येत. पण तुले बायात बसू देलं ते मी काही न पाह्यता नाही देलं."

आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बाले आताच नको सांगू."

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर शेजारच्या तांड्यातली एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. ती बाई याडीची दूरची भाची, म्हणून मुलगी मला मामा म्हणायची. मुलगी यवतमाळला नर्सिंग शिकलेली, लग्न ठरलेलं. तिच्या आजीनं हट्ट धरला होता की डीजे लावा, हॉल करा, काहीही करा, पण माझी नात ढावलो म्हणूनच उंबरा ओलांडेल. आणि आता कोणालाच पूर्ण येत नव्हते. बायांना सुरुवात यायची, पुढे नुसतं रडणं. याडीनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे बोट केलं.

"ह्याले?" त्या बाईनं विचारलं. "माणसाले?"

याडीनं मान हलवली.

बाई उठायच्याच बेतात होती. मुलगी म्हणाली, "येते तर शिकू दे ना. मले कुठी याईच्यापासून रडणं लपवायचं आहे."

महिनाभर ती रोज दुपारी यायची, स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. सोबत तिची लहान बहीण असायची. सुरुवातीला मला बसवेना. मी उभा राहून, फेऱ्या मारत शिकवायचो. याडी खाटेवर बसून ऐकायची आणि चूक झाली की खाटेच्या लाकडावर टिचकी मारायची. मुलीचा आवाज चांगला होता, पण ती फार नीटनेटकी गायची. हुंदका मोजून घ्यायची.

"मले खोटं खोटं रडता नाही येत, मामा," ती एकदा वैतागून म्हणाली. "मले तर जायचं आहे. नवरा मीच पसंत केला. कायले रडू?"

"रडू नको. कोणाले सोडून चालली ते नुसतं म्हण. रडणं त्या सुरात आहे, तुले काही करा नाही लागत."

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी मधला सूर जवळजवळ लागला. ती स्वतःच दचकली. मग तिनं विचारलं, "तुम्ही लग्न काहून नाही केलं?"

हा प्रश्न मला शंभर लोकांनी विचारला असेल आणि प्रत्येकाला मी काहीतरी थाप मारली होती. तिची बहीण बाहेर पाणी प्यायला गेली होती. याडी खाटेवरून बघत होती. मी सांगून टाकलं. एका वाक्यात.

ती म्हणाली, "अच्छा." मग म्हणाली, "आमच्या हॉस्टेलवर दोघी होत्या तशा." आणि लगेच, "भावाचा ढावलो घ्या आता, तो राह्यला आहे." मी फेरी मारायची थांबवून खाली बसलो आणि भावाचा घेतला.

लग्न दुपारचं होतं. मंडपात पंखे, कूलर, डीजे. पाठवणीची वेळ झाली तेव्हा डीजेवाला बंद करेना, त्याला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. मुलीच्या आजीनं जाऊन त्याची वायर काढली. मग एकदम शांत झालं आणि ती गायला लागली. आधी आजीच्या गळ्यात, मग आईच्या, बापाच्या. ऐंशीच्या पुढच्या दोन म्हाताऱ्या मागून सूर धरायला लागल्या, त्यांना ते आठवत गेलं. मोबाईल वर केलेली पोरं हळूहळू मोबाईल खाली घेऊ लागली. मी पुरुषांच्या बाजूला, बाच्या शेजारी उभा होतो. माझे ओठ हलत होते, मी ते मिटून धरले होते.

भावाला भेटून झाल्यावर ती गाडीकडे जायच्या ऐवजी वळली आणि सरळ आमच्याकडे आली. माझ्या गळ्यात हात टाकले. मामाचा ढावलो असतो, पण तिनं तो म्हटला नाही. ढावलोत बाईला स्वतःच्या ओळी जोडता येतात, ते मीच तिला शिकवलं होतं. तिनं गायलं की मला पोचवायला इतके लोक आले, तू कितीदा घर सोडून गेलास, तुला पोचवायला कोणी आलं नाही, आज मी तुला पोचवते आहे.

बाकीच्यांना वाटलं असेल की पुण्याला जाण्याबद्दल आहे. नवऱ्याकडच्या एका पाहुण्यानं काहीतरी विनोद केला, एक-दोघं हसले. मी हसणाऱ्यांकडे बघितलं नाही. मी तिथे सगळ्यांसमोर, तिच्या आवाजात आवाज मिसळून गायलो. इतक्या वर्षांनी, हापशीनंतर पहिल्यांदा, बाच्या देखत.

परतताना बा माझ्या मागे गाडीवर बसला होता. तीन-चार किलोमीटर गेलो असू. मला वाटलं, आता घरी गेल्यावर होणार. मग तो मागून म्हणाला, "बापाच्या ढावलोत त्या पोट्टीनं एक तुकडा गाळला."

मी गाडी हळू केली. "कोणता?"

"बैलाचा. बापानं बैल विकून पोरीच्या हातातले कडे केले, तो. तुह्या ध्यानात नाही आला?"

"तुले कसा मालूम?"

"तुही माय तीस वर्ष गाऊन राह्यली. मी काय बहिरा आहो?"

इथे थांबलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्याच पावसाळ्यात बानं दिग्रसकडचं एक स्थळ आणलं आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. तो उठून स्वतःच्या बहिणीकडे निघून गेला. नऊ दिवसांनी परत आला. तेव्हापासून तो माझ्याशी शेतीचं बोलतो, बैलाचं बोलतो, याडीच्या औषधाचं बोलतो. बाकीचं नाही. लोक स्थळाबद्दल विचारतात तेव्हा मात्र तो स्वतःच सांगतो, "त्याले नाही करायचं." आणि विषय बदलतो.

मी आता आर्णीत खोली घेऊन राहतो. सकाळ-संध्याकाळ पोरांना कीबोर्ड शिकवतो आणि लग्नाच्या दिवसांत तांड्या-तांड्यावर मुलींना ढावलो शिकवायला जातो. काही ठिकाणी दारातूनच परत पाठवतात, माणूस कशाला म्हणून. काही ठिकाणी चहा होतो, मग गाणं होतं. त्या लग्नातल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकीकडून मी याडीलाही न येणारे ढावलो मोबाईलवर भरून घेतले. दुसरी मी पोचायच्या आधीच वारली, आणि ती चुटपुट अजून जात नाही. म्हणून हल्ली एखाद्या तांड्यात कोणी म्हातारी गाते असं कळलं की मी उद्यावर टाकत नाही.

क्लॅरोनेटवाला कधीतरी बाजारात दिसतो, बायकोमुलांसोबत. हात वर करतो, मीही करतो. एकदा त्यानं विचारलं, "अजून गातं का तू ते?" मी म्हटलं, शिकवतो. त्याला पुढे काही बोलायचं होतं असं वाटलं, पण पोरगी त्याचा हात ओढत होती.

झोप अजून लागत नाही नीट, आणि एका खोलीत मी सलग दोन वर्षं राहीन की नाही सांगता येत नाही. परवा माहूरकडच्या एका तांड्यावरून निरोप आला आहे. तिथली एक म्हातारी जावयाला म्हणायचा ढावलो जाणते म्हणे. असा काही असतो हे मला माहीतच नव्हतं. याडीला विचारलं, तीही नाही म्हणाली. उद्या सकाळची गाडी आहे, याडी म्हणते मीही येते.